लुंबिनीच्या फाटकाबाहेर

आमच्याकडं लग्नकार्याला माणसं जमली आणि जेवणं उरकली, की कुणीतरी मला डिवचतंच, "तुमची ती नेपाळची गोष्ट होऊ द्या की." मी लगेच सुरू होतो. सीमेवर मी पिशवीतनं काय काय कागद काढले, परक्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून कसा फजीत झालो, सगळं हातवारे करून सांगतो. माणसं पोट धरून हसतात. मग मी पाणी मागतो आणि गोष्ट तिथंच थांबते. पुढचं घरात तिघांनाच ठाऊक होतं. त्यातली आई आता राहिली नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाहूपुरीत शेतीपंपांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, तिथं मी काउंटरवर होतो. बायको दवाखान्यात नर्स, बाळंतपणाच्या वॉर्डात. शिक्षण तिचं जास्त, पगारही तिचा जास्त. घरात आवाज तेवढा माझा जास्त. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. मुलगी झाली. पण ती रडली नाही. बायकोच्याच वॉर्डात, तिच्याच मैत्रिणींच्या हातांत, सगळं होऊन गेलं.

आईनं आणि वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरनी मिळून ठरवलं, की हिला दाखवायचं नाही. "बघितलं की जीव अडकतोय," आई म्हणाली. मी बघितलं. नव्या फडक्यातलं ते गाठोडं घेऊन चुलता आणि मी गारगोटीच्या पलीकडं आमच्या गावी गेलो आणि शेताच्या बांधाला पुरून आलो. परत आलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. घरात असल्या वेळी पुरुषानं काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी दुकानाला गेलो. त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांना चुकीचे वॉशर दिले.

ती कामावर परत गेली, पण तिला ते जमेना. दुसऱ्यांच्या पोरांच्या नाळा बांधायची वेळ आली, की ती दुसऱ्या सिस्टरला पुढं करायची. तेवढ्यात कुणा मैत्रिणीच्या ओळखीनं नेपाळातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात जागा निघाली. सीमेच्या पलीकडं तासाभरावर. मी म्हटलं, "एवढ्या लांब कशाला? कोल्हापुरात काय डोळे नाहीत?" ती म्हणाली, "तिथं कुणी जन्माला येत नाही." तिला स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा पाण्याची बाटली नीट ठेव, एवढंच बजावलं.

मग आमचा संसार फोनवर. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून ती रविवार सोडून सवडीनं दुकानात फोन करायची. दुकानाचे मालक जैन, अगदी देवमाणूस, पण फोन त्यांच्या गादीला लागून. माझं सगळं बायकोप्रेम मी त्यांच्या कानाशी बसून केलं. "जेवलीस?" "जेवले." "थंडी हाय?" "आहे." "बरं." मग दोघंही गप्प. त्या गप्प राहण्यात मला कायम वाटायचं, की लाइनवर आणखी कुणीतरी आहे. श्वास ऐकू येतोय, आणि तो ना तिचा ना माझा. मालक म्हणायचे, "परदेशाची लाइन आहे, खरखरतेच." असेल. पण पंपाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला खरखर आणि श्वास यातला फरक कळतो.

घरीही तसंच होतं. खोली एकच, त्यात आई आणि मी. आईनं एका रात्रीत पाळणा सोडवून वरची कडी मोकळी केली होती. आणलेली झबली-टोपडी कुठं नाहीशी केली ते मी विचारलं नाही. पण त्या कडीखालनं जाताना आम्ही दोघंही जरा वाकून जायचो. तिथं काही टांगलेलं नव्हतं. तरी वाकायचो.

वर्ष उलटून गेलं आणि ती यायचं नाव काढेना. आई एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊन घिऊन ये की. का तुझी बायको तुला कुणी पार्सलनं धाडणार हाय?" मी रजेचं, थंडीचं, परक्या देशाचं असं सगळं कारण सांगितलं. आई म्हणाली, "भितोस व्हय?" भीत होतोच.

मार्ग आईनंच काढला. आमच्या वस्तीतले एक निवृत्त गुरुजी दर हिवाळ्याला बस करून माणसं घेऊन जायचे : सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी. आईला जायचंच होतं. तिच्या बाजूची सीट मी घेतली. लुंबिनी नेपाळात, आणि बायकोच्या दवाखान्यापासनं जवळ. बस तिथं अर्धा दिवस थांबणार. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. मी फोनवर मोठ्या ऐटीत तिला सांगितलं, "लुंबिनीला ये. तिथंच भेटू. तिथनंच घेऊन जातो तुला."

पलीकडं इतका वेळ काहीच आवाज नाही, की लाइन तुटली असं मला वाटलं.

मग ती म्हणाली, "येते."

बसमध्ये मी सोडून बाकी गड्यांची वयं माझ्या वडिलांएवढी, आणि बायका भरपूर. पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं की हा बायकोला आणायला चाललाय. मग माझी सुटका नाही. "काय पावणं, तुम्ही बुद्धाच्या दर्शनाला का बायकोच्या?" "बाई, ह्याला पुढं बसवा की गं, लवकर पोचंल." मी हसत होतो. आई एकदाही हसली नाही. ती खिडकीतनं बघत बसायची आणि मध्येच विचारायची, "ती बारीक झाली असंल का रं?"

सीमेची मी जय्यत तयारी केली होती. शाळेच्या नकाशात सीमा म्हणजे जाड ठळक रेघ असते. त्या रेघेवर बंदूक घेऊन कुणीतरी उभं असणार आणि मला घाम फोडणारे प्रश्न विचारणार, असा माझा अंदाज. पिशवीत रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, दहावीचा दाखला, आमच्या लग्नाचा फोटो आणि मालकांनी 'सदर इसम सज्जन आहे' असं लिहून दिलेलं पत्र. सुनौलीला बस थांबली. समोर एक कमान. कमानीखालनं सायकलरिक्षा, कांद्याचे ढीग, शाळेची पोरं आणि दोन शेळ्या आरामात परदेशात चालल्या होत्या. मी सगळे कागद छातीशी धरून शिपायापुढं उभा राहिलो. त्यानं लग्नाचा फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं आणि म्हणाला, "तबीयत ठीक है?" मागनं आमच्यातली एक आजी ओरडली, "गुरुजी, नेपाळ कुठाय?" गुरुजी म्हणाले, "ह्येच की. तुम्ही त्यातच थुकलाय आता."



लुंबिनीत शिरायच्या आधी गुरुजींनी सगळ्यांना पांढरे कपडे घालायला लावले. आमच्याकडं ही रीतच आहे. लग्नातही आमची नवरी पांढऱ्या साडीत असते, आणि पवित्र जागी जायचं तर पांढरंच. आईनंही पांढरं पातळ नेसलं. गुरुजींनी बजावलं, "चारला बस सुटंल." एका काकांनी विचारलं, "कुठले चार? इथलं घड्याळ आपल्या पुढं हाय." त्यावर बराच वाद झाला. मी तो ऐकायला थांबलो नाही.

आत गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की आमची एकटी बस नाही. नागपूरच्या, अकोल्याच्या, नांदेडच्या, कुठल्या कुठल्या बस आलेल्या. तळ्याच्या काठानं, पिंपळाखाली, दगडी खांबाभोवती, उकरून काढलेल्या जुन्या विटांच्या पायाच्या कडेनं, सगळीकडं पांढऱ्या साड्या. सकाळचं धुकं पुरतं निवळलं नव्हतं. धुक्यात पांढरी साडी विरून जाते आणि नुसती डोकी नि हात हलताना दिसतात. मी उभा राहिलो. त्यात माझी बायको कुठली?

बायकोची चाल नवऱ्याला ओळखू येते म्हणतात. मलाही आली. पहिल्या फेरीत सात-आठजणींची आली. प्रत्येक वेळी वाटायचं, हीच. तीच मान, तोच पदर सावरायचा ढंग. जवळ जावं, तर ती वळायची आणि तोंड दुसऱ्याच कुणाचं असायचं. मग मला नीट आठवेना, की तिचं तोंड कसं आहे. डोळे मिटून बघितलं, तर तेव्हा भिंतीकडं वळलेली तिची पाठच दिसायची.

शेवटी पिंपळाजवळ एकीच्या खांद्यावर मी हात ठेवला. ती गर्रकन वळली. आईच्या वयाची बाई, विदर्भातली. "काऊन जी? काय पाह्यजे?"

"माफ करा ताई. बायकोला शोधतोय."

"आपली बायको ओळखू येत नाही काय गा तुले?" असं म्हणून ती थांबली असती तर बरं होतं. पण स्वभावानं चांगली होती. तिनं बरोबरच्या सगळ्यांना हाक घातली, "अवो, या भाऊची बायको हरपली!" मग त्या सगळ्याजणी माझ्यासाठी शोधायला लागल्या. दिसते कशी, उंच का ठेंगणी, गोरी का सावळी? मी म्हणालो, "पांढऱ्या साडीत असंल." एकीनं कपाळावर हात मारला.

इथपर्यंत मी लग्नात सांगतो.

एका बाजूला एक शिल्प ठेवलं होतं, तिथंही गेलो, म्हटलं दर्शनाला आली असेल. गर्दीच्या मागं टाचा वर करून बघितलं. जुना दगड, पार झिजलेला. बाजूचे एक भन्ते सांगत होते, ही महामाया, हिनं झाडाची फांदी धरलीय, हे नुकतं जन्मलेलं बाळ. बायका हात जोडत होत्या, लहान पोरांना वर उचलून दाखवत होत्या, "बघ, बाळ बघ."

मी तिथं थबकलो. लुंबिनीला बुद्धाचा जन्म झाला, हे मला पाळण्यातनं ठाऊक. दर वैशाखी पौर्णिमेला विहारात ऐकत आलो. पण माझ्या लेखी लुंबिनी म्हणजे बसचा एक थांबा होता, सोयीचा. ज्या बाईनं जन्म होतात ती जागा सोडून पळ काढला, तिला मी जगातल्या एवढ्या जागांतनं निवडून इथं बोलावलं होतं. 'येते' म्हणायच्या आधी ती का गप्प होती, ते मला तिथं टाचांवर उभं असताना कळलं. मी वळलो आणि फाटकाकडं धावत सुटलो. पांढरे कपडे घालून असा गडी पळताना बघून माणसं बाजूला होत होती.

फाटकाबाहेर मण्यांच्या माळा विकणाऱ्यांची दुकानं होती. एका दुकानाशेजारी बाकड्यावर आई बसली होती. तिचे गुडघे धरले म्हणून ती अर्ध्यातनंच मागं फिरली होती. तिच्या शेजारी बायको. पांढरी नाही, निळी साडी, वर स्वेटर. डोळ्यांना चष्मा. दोघींच्या मध्ये कागदावर आईनं कोल्हापूरहून आणलेली कडक भाकरी आणि चटणी. बायको खात होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. चटणीनं का कशानं ते सांगता येत नाही.

आई म्हणाली, "मला दोन पावलांवर घावली. तू कुठं गेलतास लेका, जग फिराय?"

दीड वर्षानं बायकोला भेटल्यावर माणसानं काय म्हणावं? मी म्हणालो, "चष्मा लागला व्हय?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात आहे ना," ती म्हणाली. "फुकट तपासतात."

मी बाकड्याच्या टोकाला टेकलो. आतनं वंदनेचा आवाज येत होता. बायकोनं फाटकाकडं बघितलं आणि विचारलं, "आत काय आहे?"

मी सांगितलं. तळं आहे, खांब आहे. एक शिल्प आहे.

"बाळ दिसतं?"

"म्हणतात दिसतं. झिजलंय. मला नीट दिसलं नाही."

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. "आणि आपलं? ते तर तुम्ही बघितलं होतं."

आई म्हणाली, "पोरी, कशाला आता..."

"आत्ती, त्यांना बोलू दे." ती निपाणीकडची, सासूला आत्ती म्हणायची. आवाज चढवला नव्हता. "मी नऊ महिने वागवली. तुम्ही दोघांनी बघितली. मी नाही. मला रोज वेगळी दिसते. आज एक तोंड, उद्या दुसरं. रस्त्यात कुणाचं पोर दिसलं की वाटतं, अशी असेल काय? मी आणखी किती तोंडं लावू तिला?"

मी कधी तोंडानं काढलं नव्हतं ते सगळं सांगायला लागलो. केस भरपूर होते, काळे, कपाळापर्यंत आलेले. हाताची बोटं लांब. मूठ मिटलेली. कान मोठे.

"कान आपल्याकडचं," आई मध्येच म्हणाली. "ह्याच्या बापाचं."

"नाक माझ्यासारखं होतं," मी म्हणालो.

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी चोरलंय. "तुझं? तुझं नाक म्हंजे भजं हाय. तिचं नाक सरळ व्हतं की. हिच्यासारखं."

"आई, मी हातात घेतलेली. मी बघितलंय."

"मी धुतलीया तिला. तू काय बघितलंस? तू रडत व्हतास."

मी रडलो होतो हे बायकोला ठाऊक नव्हतं. तिनं चष्म्यातनं माझ्याकडं बघितलं.

आमच्यात मूल जन्मलं, की पाहुणे येतात आणि ते कुणावर गेलंय यावर भांडतात. नाक आजीचं, हनुवटी मामाची, रंग कुणाचाच नाही. दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर येतात. आमच्या मुलीच्या वाट्याला ते भांडण आलंच नव्हतं. ते त्या दिवशी परक्या देशात, माळांच्या दुकानाशेजारी झालं, आणि चांगलं कोल्हापुरी आवाजात झालं. दुकानदार उठून उभा राहिला. त्याला वाटलं मालावरनं भांडतायत. "जिवणी कुणाची होती?" बायको विचारायची, आणि आम्ही दोघं एकाच वेळी दोन वेगवेगळी माणसं सांगायचो. मध्येच तिला हसू फुटलं. मग हसताहसता ती आईच्या मांडीवर आडवी झाली, आणि आई तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणत राहिली, "न्हाय दाखवलं. दाखवाय पायजे व्हतं की. दाखवाय पायजे व्हतं."

चार वाजले, इथले का आपले, कोण जाणे. बसचा हॉर्न वाजला. मी बायकोला म्हणालो, "चल." ती बसमध्ये चढली, आईशेजारी माझ्या सीटवर बसली. मी मधल्या वाटेत उभा. बसमधल्या बायकांना काय दिसलं कोण जाणे, सगळी वाट एकीनंही टवाळी केली नाही. सीमेवर कमानीपाशी बस थांबली तेव्हा ती उठली.

"माझं सामान तिकडं आहे," ती म्हणाली.

"सामान जाऊ दे की."

"सामानाचंच नाही. जरा थांबा." मग हळू आवाजात, "आणि फोनवर 'कधी येतेस' विचारू नका. मी सांगेन."

ती उतरली. कमानीच्या गर्दीत पांढरे कपडे नव्हते, तरी ती फार लवकर दिसेनाशी झाली. पुढं कोल्हापूर येईपर्यंत कुणी मला पावणं म्हणून चिडवलं नाही. आई एवढंच म्हणाली, "नाक हिचंच व्हतं."

नंतर दुकानात फोन यायचे. मी 'कधी येतेस' विचारलं नाही. ती विचारायची, "केस कुरळे होते काय हो?" आणि मी मालकांच्या कानाशी बसून सांगायचो, "नाही. सरळ." मालकांनी कधी काही विचारलं नाही, पण असा फोन आला की ते उठून बाहेर पानाच्या टपरीशी जाऊन उभे राहायचे. ते पान खात नसत.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, "निघालेय." मी स्टेशनवर गेलो. एक ट्रंक, एक पिशवी आणि ती. मी रिक्षा बोलावली. ती म्हणाली, "घरी नंतर. आधी गारगोटीची एस.टी. धरा."

गावाकडं उतरून आम्ही शेतावर गेलो. मधल्या काळात चुलत्यांच्या वाटण्या झाल्या होत्या. जुना बांध फोडून नवा घातलेला. जिथं आम्ही खुणेला दगड ठेवला होता तिथं आता भुईमूग. मी बोट दाखवलं, "इथं." मग वाटलं, नाही, त्या बाभळीच्या अलीकडं असेल. मग तेही खात्रीचं वाटेना.

"म्हणजे ह्यातच कुठंतरी," ती म्हणाली.

"ह्यातच."

तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि जुना बांध जिथनं गेला असावा तिथनं, ढेकळांतनं, या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालत गेली. सावकाश. ट्रंक खाली ठेवायला जागा दिसेना, म्हणून मी ती डोक्यावर घेऊन तिच्या मागनं चालत राहिलो.